सॉलिड ॲक्सल म्हणजे ट्रक नव्हे

इंदूरच्या गाडीवेड्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड ॲक्सल) असलेली गाडी कितीही ताकदवान असो, ती मुळात ट्रकच. वळणावर तिची चाकं तिरकी होतात. इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणारी रचना, मात्र प्रत्येक बाबतीत सरस. आणि आपल्या हॅचबॅकच्या मागेही कंपन्यांनी तोच ट्रकचा ॲक्सल दडवलाय. हे वाचून नवी पोरं फोर्डच्या जुन्या मस्टँगला नावं ठेवू लागली आहेत, म्हणून हा प्रपंच.

आधी ट्रकचं बघू. १९६४ पासून २०१४ पर्यंत जवळजवळ प्रत्येक मस्टँगला मागे सॉलिड ॲक्सल होता. अपवाद १९९९ ते २००४ दरम्यानच्या कोब्रा या मस्टँगचा, तिला इंडिपेंडंट होतं. २०१२ ची बॉस ३०२ खास ट्रॅकसाठी घडवताना फोर्डने डोळ्यांसमोर ठेवली होती बीएमडब्ल्यू एम३, म्हणजे इंडिपेंडंटवाल्यांतली नावाजलेली गाडी. ऑस्ट्रेलियातल्या व्ही-८ सुपरकार २०१२ पर्यंत आणि अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींच्या मुख्य मालिकेतल्या गाड्या २०२१ पर्यंत सॉलिड ॲक्सलवर शर्यती लढल्या. भारतात २०१६ साली आलेली मस्टँग इंडिपेंडंटवालीच होती. ती चालवून जुन्या मस्टँगबद्दल मत बनवता येत नाही.

खरा फरक ॲक्सल कशाने धरलाय यात असतो. जुन्या ट्रकात पाटेच (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वजन पेलतात आणि पाटेच ॲक्सलला जागेवर ठेवतात. जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटे पिळतात आणि ॲक्सल मागे कलंडू पाहतो. २००५ च्या मस्टँगमध्ये कॉइल स्प्रिंगांकडे फक्त वजन पेलायचं काम होतं. पुढे-मागे धरायला तीन दांडे आणि बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा पॅनहार्ड रॉड. या रॉडचं एक टोक बॉडीला, दुसरं ॲक्सलला, त्यामुळे ॲक्सल वर-खाली होताना किंचित बाजूलाही सरकतो. त्याऐवजी वॉट्स लिंकेज (मधल्या फिरत्या तुकड्याला जोडलेले दोन आडवे दांडे) लावलं की तेही जवळपास थांबतं. स्कॉर्पिओ-एन ही काही परफॉर्मन्स गाडी नाही, पण तिच्या मागच्या सॉलिड ॲक्सलला हे लिंकेज आहे. कुणाची असेल तर खाली वाकून जरूर बघा.

आता वळणावर चाकं तिरकी होण्याचा आरोप. हा तर सरळसरळ उलटा आहे. सपाट रस्त्यावर गाडी वळते तेव्हा बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते. सॉलिड ॲक्सलमध्ये बॉडी झुकते ती स्प्रिंगांवर. ॲक्सल रस्त्याला जवळपास समांतरच राहतो आणि दोन्ही टायर पूर्ण रुंदीने टेकलेले राहतात. इंडिपेंडंटमध्ये चाकं बॉडीबरोबर झुकू पाहतात. ते टाळायलाच तर इंजिनिअर चाक धरणारा वरचा आर्म (दांडा) आखूड आणि खालचा लांब ठेवतात, सांध्यांच्या जागा मिलिमीटरने हलवतात. ही मेहनत घेतली नाही की काय होतं ते साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या शेवरोले कॉर्वेअरने दाखवलं. तिचं मागचं सस्पेन्शन स्विंग ॲक्सलचं (प्रत्येक चाक आपल्या अर्ध्या ॲक्सलसकट मधल्या सांध्यावर झुलतं), म्हणजे इंडिपेंडंटच. पण जोरात वळताना बाहेरचं मागचं चाक गाडीखाली दुमडू पाहायचं. १९६५ च्या मॉडेलला शेवरोलेने ती रचनाच बदलली.

सॉलिड ॲक्सलची खरी खोट दुसरीकडे आहे आणि ती मोठी आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही त्याच्यासोबत तिरकं होतं. शिवाय डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरांचा संच), त्याचं हौसिंग, आतले शाफ्ट असं सगळं लोखंड चाकांबरोबर उसळतं आणि ते आवरताना शॉकॲब्सॉर्बरची दमछाक होते. इंडिपेंडंटमध्ये डिफरन्शियल चासीला बांधलेलं असतं, उसळणारं वजन कमी. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकसारख्या गुळगुळीत डांबरावर हा फरक फारसा जाणवणार नाही. इंदूरजवळच्या भेरूघाटात, वळणाच्या ऐन मध्यावर उखडलेला पॅच आला की लगेच जाणवेल. आपल्या रस्त्यांसाठी मीही इंडिपेंडंटच निवडेन, पण कारण हे आहे.

जागेवरून सुसाट सुटताना तरी इंडिपेंडंट सरस? नेहमी नाही. त्याच इंडिपेंडंटवाल्या कोब्रांची मागची चाकं पूर्ण जोर दिला की थडथड उड्या मारायची, आणि ड्रॅग रेसिंगवाल्या कित्येकांनी ते सस्पेन्शन काढून सॉलिड ॲक्सल बसवला. एक दोष सॉलिडच्याही पदरात घालायला हवा: इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागच्या उजव्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते आधी घसरतं.

राहिली हॅचबॅक. तुमच्या गॅरेजवाल्याला सांगून गाडी लिफ्टवर घ्या आणि मागच्या चाकांमध्ये बघा. डिफरन्शियलचा फुगवटा नाही, इंजिनाकडून येणारा शाफ्ट नाही. आहे ती वाकवलेल्या पत्र्याची एक बीम, बहुतेकदा एका बाजूने उघडी, दोन टोकांना दोन आर्म. ही ट्विस्ट बीम. एक चाक वर गेलं की बीम पिळते आणि दुसऱ्या चाकापर्यंत हिसका कमी पोचतो. गाडी ओढायचं काम पुढच्या चाकांकडे असल्याने मागे वजनही थोडंच. ट्रकच्या ॲक्सलमधलं यात काहीच नाही.