जावई-सुनेचं नंतर, आधी रात्रपाळीचं बोला

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे: आत्याचं काय करायचं. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नाही, पुण्यात लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. देखभालीसाठी ब्युरोतून आलेल्या बायका टिकत नाहीत. शेवटी तीच म्हणाली, "माझ्यासाठी एखादी बरी संस्था बघा." झालं. काकूने लिहिलं, "वन्संना वृद्धाश्रमात ठेवलं तर लोक तोंडात शेण घालतील." त्यावर भराभर अंगठे. चुलतभावाने मला टोमणा मारला, "तू एवढी मँचेस्टरला आहेस ना, मग घेऊन जा की तिला तिकडे."

ब्रिटनने २०१२ पासून परावलंबी नातेवाइकांच्या व्हिसाचे नियम इतके आवळले आहेत की आईवडिलांनाही तो क्वचितच मिळतो. आत्या तर त्या यादीतच नाही. तिथे आईवडील, आजीआजोबा, भावंडं आणि मुलं एवढीच नाती मोजतात. तेव्हा तो प्रश्न मिटला.

मला खटकतं ते वेगळंच. 'मुलांनी टाकलं' हा आपला ठरलेला आरोप आत्याला लागूच होत नाही, तिला मुलंच नाहीत. शिवाय जायचं तिनेच ठरवलंय. तरी चर्चा सगळी संस्कारांची. संस्था कशी आहे, हे बघायला कोण जाणार, आणि गेल्यावर काय बघणार, यावर एक ओळ नाही.

इथे मँचेस्टरला माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण आईसाठी जागा शोधत होती. जागा पाहायला जाण्याआधी तिने तपासणीचे अहवाल वाचले. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी यंत्रणा केअर होमना उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी किंवा अपुरं अशी श्रेणी देते. ती श्रेणी दर्शनी भागात लावणं २०१५ पासून बंधनकारक आहे. अहवालात अगदी घरगुती बारकावे असतात. औषधांची नोंद नीट आहे का, जेवताना म्हाताऱ्यांना घाई केली जाते का, रात्री माणसं पुरेशी असतात का. मग ती जागा बघत बरीच फिरली, पण कुठे काय विचारायचं ते तिला माहीत होतं.

म्हणून इथलं सगळं आलबेल आहे असं नाही. २०२४ मध्ये खुद्द याच कमिशनची चौकशी झाली. तपासणीच्या कक्षेतल्या जवळजवळ पाचांतल्या एका सेवेला कधी श्रेणीच मिळालेली नाही, हे त्यातून बाहेर आलं. पैशाचं तर विचारूच नका. २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर सगळा खर्च तुमचा, आणि घरात मागे नवरा किंवा बायको राहत नसेल तर घराची किंमतही बहुधा त्यात धरतात. ही मर्यादा २०१० पासून हललेली नाही. आयुष्यभराच्या खर्चाला ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा येणार येणार म्हणत होते, ती नव्या सरकारने २०२४ मध्ये गुंडाळली. मैत्रिणीच्या आईचं घर विकावं लागलं आणि त्यावरून भावाबहिणींत जुंपली. म्हणजे भांडणं इथेही होतात, फक्त निम्मी तरी कामाच्या गोष्टीवर होतात.

आता आपल्याकडचा कायदा बघा. ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्याचा बराचसा भर मुलांच्या कर्तव्यावर आहे. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता, वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. निपुत्रिक ज्येष्ठांची जबाबदारी त्यांची मालमत्ता ज्यांच्याकडे जाणार त्या नातेवाइकांवर. (हे कलम मी ग्रुपवर टाकलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही.) खासगी संस्थांच्या नोंदणीची सक्ती मात्र त्यात नाही. २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात अशा संस्थांची नोंदणी होती, किमान निकष होते, घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्सींचाही विचार होता. पण आमच्या घरी गाजला तो एकच मुद्दा: 'मुलं' या व्याख्येत आता जावई आणि सूनही येणार! विधेयक मंजूर झालंच नाही, आणि त्याची चुटपुट कुणालाच लागली नाही.

महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले: व्हीलचेअर जाईल असे रुंद दरवाजे, लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडे. चांगलंच आहे, पण ते नियम बांधकामाचे. पहाटे तीनला आत्या पडली तर तिला उचलायला कोण येणार, हे त्यात कुठून असणार?

म्हणून सध्या मी फोनवरून तेवढंच विचारते. रात्री किती जण असतात आणि किती जणांसाठी? नर्स मुक्कामी असते की फक्त दिवसा? चालणं थांबलं, विसराळूपणा वाढला, तर ठेवून घेता की घेऊन जा म्हणता? बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणारी माणसंच घेतात, आणि हे ठेव भरण्याआधी कुणी आपणहून सांगत नाही. ठेव परत कधी, किती कापून? स्थानिक पालक म्हणून परदेशातला माणूस चालत नाही, त्यामुळे चुलतभावाचं नाव द्यावं लागणार, हेही त्याला सांगून झालंय.

एका ठिकाणच्या व्यवस्थापक बाई रात्रपाळीचा प्रश्न ऐकून हसल्या. म्हणाल्या, "ताई, लोक एसी आहे का विचारतात, नॉनव्हेज चालतं का विचारतात. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." उत्तर मात्र त्यांनी सरळ दिलं: चाळीस जणांमागे रात्री दोन आया, नर्स नाही. ती जागा यादीतून गेली. दुसरी आहे कात्रजच्या पुढे. तिथे रविवारी संध्याकाळी, न कळवता जायचं चुलतभावाने कबूल केलंय. काकू म्हणते, मीही येते.