बुजगावण्याचा प्रश्न

‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ हे पोरासोरांचं पुस्तक मी त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं, तेही भाचीमुळं. पुण्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीला आली, पिशवीत हे इंग्रजी पुस्तक. औशाजवळचं आमचं गाव, मे महिना, लाइट जायला काय तोटा? रात्री माळवदावर बाजा टाकायच्या आणि मोबाइलच्या उजेडात मामानं वाचून आपल्या भाषेत सांगायचं, असा रतीबच लागला.

पहिल्याच पानावर मी अडकलो. जादूबिदू अजून लांब होती. अमेरिकेतल्या कॅन्ससचं माळरान, नांगरलेलं रान उन्हानं भाजून भेगाळलेलं, गवतसुद्धा राखाडी पडलेलं. घराचा रंग उडालेला. एम काकू लग्न होऊन आली तेव्हा देखणी होती. ऊन-वाऱ्यानं तिच्या डोळ्यांतली चमक नेली, आता ती हसतच नाही. हेन्री काका उंबऱ्यावर बसून काळजीनं आभाळाकडं बघतोय. म्हटलं, हे कॅन्सस कसलं, हा तर आपला शिवार! काका वादळाच्या धास्तीनं बघतोय, आमचे अण्णा पावसासाठी बघायचे, एवढाच काय तो फरक.

लेखक एल. फ्रँक बॉम यानं डाकोटात दुकान टाकलं होतं. तिकडं दुष्काळ पडला, उधारी थकली, दुकान बसलं. पुस्तक आलं १९०० साली. ती राखाडी पानं त्याला कुठून सुचली असतील, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग वादळ येतं आणि काका-काकूकडं राहणाऱ्या डोरोथी या पोरीसकट घर उडून जातं ते थेट ऑझ नावाच्या जादूच्या मुलखात. पुढं नुसती धमाल. मेंदू मागणारं बुजगावणं, काळीज मागणारा पत्र्याचा लाकूडतोड्या, हिंमत मागणारा भित्रा सिंह. हे सगळं ज्याच्याकडं मागायचं त्या जादूगाराच्या पाचूच्या नगरीत शिरताना प्रत्येकाला हिरवा चष्मा घालतात आणि वर कुलूप लावतात, म्हणजे सगळं हिरवंगार दिसायलाच पाहिजे. (इकडच्या ट्रॅक्टरभर उसाकडं बघून मला तो चष्मा लई आठवतो.)

आणि ती दुष्ट चेटकीण! डोरोथी रागाच्या भरात तिच्यावर बादलीभर पाणी ओतते आणि ती विरघळून जाते. भाची टाळ्या पिटायली. बाजूच्या बाजेवरून आई म्हणाली, “आख्खी बादली? तांब्याभरात भागलं नसतं का?”

हसू नका. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आई लातूरला आमच्याकडंच होती. भाज्या धुतलेलं पाणी ती फरशी पुसायला ठेवायची.

तक्रार एकच. जादूगाराचं पितळ उघडं पडल्यावर पुस्तक रेंगाळतं. चिनी मातीच्या बाहुल्यांचं गाव, डोकी आपटणारी माणसं, ते मी सरळ गाळलं. भाचीनं पकडलं, परत वाचायला लावलं. आणि एक, या गोष्टीत त्या काळच्या अमेरिकेतलं, चलन नुसत्या सोन्यावर चालावं का चांदीवरही, हे राजकारण शोधणारे लोक आहेत. १९६४ मध्ये एका अमेरिकी शिक्षकानं त्यावर लेखच लिहिला. लिहू दे. बॉमनं प्रस्तावनेत स्वच्छ म्हटलंय की गोष्ट फक्त पोरांच्या आनंदासाठी आहे. मला त्याचं म्हणणं पुरतं.

पण एका जागी मी आणि भाची दोघंही गप्प झालो. बुजगावणं डोरोथीला विचारतं, एवढा सुंदर मुलूख सोडून त्या कोरड्या राखाडी गावाला परत कशाला जायचं? ती म्हणते, तुला मेंदू नाही म्हणून तुला कळत नाही. ते म्हणतं, खरंय, तुमच्या डोक्यातही माझ्यासारखा भुसा असता तर तुम्ही सगळे सुंदर ठिकाणीच राहिला असता, मग कॅन्ससमध्ये माणूसच उरलं नसतं.

ताई आईला चार वर्षं झाली पुण्याला चल म्हणतेय. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, नळाला दोन वेळ पाणी आहे. आई हलत नाही.

भाचीनं अंधारात विचारलं, “आज्जी, तू का येत नाहीस गं आमच्याकडं?”

आईनं कूस बदलली. “त्या बुजगावण्याला मेंदू मिळतो का नाही ते आधी बघू. वाच म्हणावं मामाला पुढं.”