अल्ट्रावाइड मॉनिटरसाठी नवा लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा

“साध्या लॅपटॉपवर ३४४० बाय १४४० चा मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशनवर चालतच नाही. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्या. तो परवडत नसेल तर भारीतली ४के केबल घ्या, ड्रायव्हर अपडेट करा. तरी नाही जमलं तर २५६० बाय १०८० ठेवा, फरक कळत नाही.” अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुंद मॉनिटरबद्दलचा हा मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतोय. नागपुरात बर्डीवर मॉनिटर घ्यायला गेलं की काउंटरवरही साधारण हेच ऐकायला मिळतं. मॉनिटरवर आधीच बऱ्यापैकी पैसे घातलेला माणूस मग लॅपटॉपचे भाव विचारत फिरू लागतो. विद्यार्थी, छोटी ऑफिसं चालवणारे, घरून काम करणारे लोक असा खर्च करतात याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ग्राफिक्स कार्ड. ३४४०×१४४० म्हणजे साधारण ४९.५ लाख पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके). आता इंटेलचा आय५-८२५०यू घ्या. २०१७ मध्ये आलेला हा प्रोसेसर सेकंडहँड लॅपटॉपमध्ये आजही सर्रास सापडतो. त्यात वेगळं कार्ड नाही, आतलंच यूएचडी ६२० ग्राफिक्स आहे. तरीही इंटेलच्या तपशीलपत्रकात त्याची मर्यादा डिस्प्लेपोर्टवर (मॉनिटर जोडायचं एक पोर्ट) ४०९६×२३०४, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र, अशी दिली आहे. हे अल्ट्रावाइडच्या जवळपास दुप्पट पिक्सेल झाले. गेम खेळायचे असतील किंवा थ्रीडीचं काम असेल तर कार्ड लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण एक्सेल, टॅली, कोड, पानांची जुळणी यासाठी नुसतं चित्र पडद्यावर पोचवायचं असतं, आणि तेवढं हा प्रोसेसर आरामात करतो.

मग अडतं कुठे? त्याच पत्रकात एचडीएमआयसमोर (मॉनिटर किंवा टीव्ही जोडायचं दुसरं, नेहमीचं पोर्ट) लिहिलंय: ४०९६×२३०४, २४ हर्ट्झ. चिप तीच, लॅपटॉप तोच, फक्त बाहेर पडायची वाट बदलली आणि वेग ६० वरून २४ वर आला. सगळी गोम इथे आहे. या पिढीतल्या इंटेल ग्राफिक्सचं स्वतःचं एचडीएमआय १.४ आवृत्तीचं आहे आणि त्याचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, ३०० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. ३४४०×१४४० ला ६० हर्ट्झसाठी, सिग्नलमध्ये चित्राच्या कडेला सोडावी लागणारी मोकळी जागा कमीत कमी धरूनही, जवळजवळ ३२० मेगाहर्ट्झ लागतात. थोडक्यात हुकतं. मग विंडोजच्या यादीत ६० हर्ट्झवाला पर्याय येत नाही, कधी कधी ते रिझोल्यूशनच दिसत नाही, आणि माणूस समजतो की लॅपटॉप कमजोर आहे. ५० हर्ट्झला मात्र साधारण २६५ मेगाहर्ट्झ पुरतात. म्हणजे त्याच जुन्या एचडीएमआयमधून पूर्ण ३४४०×१४४० मिळू शकतं. पर्याय यादीत नसेल तर ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन करून ५० हर्ट्झ टाकून बघा. हिशेबाने ५५ सुद्धा बसतं, ते मॉनिटरने स्वीकारलं पाहिजे एवढंच.

आणि ज्यांना “कार्डवाला घ्या” असा सल्ला मिळतो त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कित्येक कार्डवाल्या लॅपटॉपमध्येही एचडीएमआयचं पोर्ट कार्डाला जोडलेलं नसतं, इंटेलच्या चिपलाच जोडलेलं असतं. पैसे कार्डाचे गेले आणि मर्यादा जुनीच राहिली, असं होऊ शकतं. विचारायचंच असेल तर दुकानदाराला पोर्टबद्दल विचारा: “भाऊ, याचं एचडीएमआय २.० आहे का? टाइप-सी मधून डिस्प्ले निघतो का?”

हा टाइप-सीचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेच्या बाणाचं (थंडरबोल्टचं) चिन्ह असेल तर बहुतेक काम झालंच. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्या आणि मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये लावा. चिन्ह नसेल तर मॉडेलचं मॅन्युअल बघा, कारण सगळे लॅपटॉप चिन्ह छापत नाहीत. टाइप-सी ते एचडीएमआय ॲडाप्टर घेणार असाल तर डब्यावर नुसतं “४के” बघून घेऊ नका. स्वस्तातले पुष्कळ ॲडाप्टर ४के फक्त ३० हर्ट्झवर देतात, म्हणजे अल्ट्रावाइडला परत तीच अडचण. “४के ६० हर्ट्झ” लिहिलेलाच घ्या. मॉनिटरकडची बाजूही तपासा: काही मॉनिटरमध्ये एचडीएमआयची आवृत्ती मेनूतून निवडावी लागते.

केबलचं थोडक्यात सांगतो. एचडीएमआय केबलला आवृत्ती नसते, वेगाचा दर्जा असतो. “हाय स्पीड” दर्जाची केबल सेकंदाला १०.२ गिगाबिटची असते आणि ३४४०×१४४०, ६० हर्ट्झ तिच्यात बसतं. केबल खराब असली तर चित्र लुकलुकतं, ठिपके येतात, पडदा मधूनच काळा होतो. यादीत पर्यायच नसणं हे सहसा केबलचं लक्षण नव्हे. सोनेरी टोकांच्या केबलवर पैसे घालवू नका.

ड्रायव्हरने पोर्टची मर्यादा वाढत नाही. अपवाद एकच: डिव्हाइस मॅनेजरमध्ये “मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर” दिसत असेल, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो आधी टाका.

मेसेजमध्ये नसलेलं एक कारण मला वारंवार दिसतं. धरमपेठेतल्या एका ओळखीच्या हिशेबनिसाकडे नव्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे होते आणि एक्सेलचे कॉलम मधल्या चौकटीत दाटीवाटीने बसले होते. दुकानातून त्यांना नवा लॅपटॉप सुचवलेला. डिस्प्ले “डुप्लिकेट”वर होता, एवढंच. लॅपटॉपचा पडदा १९२०×१०८० चा, म्हणून मोठ्यावरही तेच चित्र. विंडोजचं बटण आणि पी दाबून “एक्स्टेंड” निवडलं, सेटिंगमध्ये ३४४०×१४४० केलं, पट्टे गेले. कुणाचंही ऐकण्याआधी हे करून बघाच.

राहिलं “२५६० बाय १०८० ठेवा, फरक कळत नाही.” कळतो, आणि मराठीत काम करणाऱ्याला जास्तच कळतो. असं केलं की पॅनेलच्या ४४ टक्के पिक्सेलचा तपशील वाया जातो आणि उरलेलं चित्र ताणून बसवलं जातं. एक पिक्सेल साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश पिक्सेलवर पसरतो, म्हणून कडा धुरकट होतात. “सर्वांत” हा शब्द बारीक टायपात टाइप करून बघा: रफार आणि अनुस्वार डोक्यावर एकमेकांत मिसळतात. दिवसभर प्रुफं तपासणाऱ्याच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो. अक्षरं लहान वाटत असतील तर रिझोल्यूशन ३४४०×१४४० च ठेवा आणि विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के करा. अक्षरं मोठी होतात आणि ठसठशीतही राहतात. ६० हर्ट्झ मिळतच नसेल तर लिखापढीच्या कामासाठी ५० हर्ट्झवरचं पूर्ण रिझोल्यूशन हे ६० हर्ट्झवरच्या २५६०×१०८० पेक्षा कधीही चांगलं. माउसचा बाण किंचित कमी सफाईने सरकेल, पण वाचायला सगळं स्वच्छ दिसेल.