ताऱ्याचं नाव कुणी घेत नाही

आज फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच व्हिडिओ. भुताच्या सिनेमाचं म्युझिक, घोगरा आवाज, ‘या सैतानी ग्रहावर पडतो काचेचा पाऊस!’ आख्ख्या व्हिडिओत तो ग्रह ज्याच्याभोवती फिरतो त्या ताऱ्याचा उल्लेख नाही. डोकंच फिरलं.

अरे, त्या बिचाऱ्या ग्रहाने काय केलंय? एचडी १८९७३३ बी. सुमारे ६४ प्रकाशवर्षांवरचा, गुरूपेक्षा थोडा मोठा वायूचा गोळा. ताऱ्याला इतका चिकटलेला की वर्ष सव्वादोन दिवसांत संपतं, आणि एकच बाजू कायम ताऱ्याकडे. एका अंगाला सतत भट्टी, दुसऱ्या अंगाला कायमची रात्र. वारं सुटणारच! हे सगळं करणारा कोण?

दिवाळीत भाचीला गच्चीवर टेलिस्कोपमधून डंबेल तेजोमेघ दाखवत होतो. या ग्रहाचा तारा आकाशात त्याच्या शेजारीच दिसतो. मी रंगात येऊन निळा ग्रह, काचेचा पाऊस सुरू केलं, तर ही म्हणते, “मामा, ग्रह दिसतोय कुठे? जो दिसतोय त्याचं सांग ना.” नववीतली पोर. चॅनेलवाल्यांना सुचत नाही ते तिला सुचलं.

मग सांगितलं. तारा सूर्यापेक्षा लहान, थंड, पण भलताच तापट. २०१० मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने पाहिलं, तेव्हा ग्रहाची हवा निसटताना दिसली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये पुन्हा पाहिलं, तर सेकंदाला किमान हजार टन वायू अवकाशात चाललेला! त्याच्या आठेक तास आधी स्विफ्ट दुर्बिणीला ताऱ्यावर क्ष-किरणांचा मोठा भडका दिसला होता. असे किरण वरच्या थरातला हायड्रोजन इतका तापवतात की ग्रहाला तो धरून ठेवता येत नाही. भाची म्हणाली, “म्हणजे तारा चिडला की ग्रहाची हवा जाते.” एका वाक्यात आटोपलं तिने.

हो, एका भडक्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, मान्य. काचेच्या पावसामुळे मुलं निदान व्हिडिओ उघडतात, तेही मान्य. पण उघडल्यावर त्यांच्या हातात काय देता? भीती?

आणि तारा फक्त ओरबाडतो असंही नाही. वास्प-३९बी हा दुसऱ्या एका ताऱ्याचा ग्रह घ्या. वेब दुर्बिणीला तिथे सल्फर डायऑक्साइड सापडला, तो ताऱ्याच्या प्रकाशाने घडवलेल्या रासायनिक क्रियांतून बनलेला. किती सुंदर आहे हे! त्या रात्री हे ऐकून भाची जेवायला खाली यायला तयार नव्हती, ताई ओरडली शेवटी.

मुलांना हे झेपत नाही म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? तुम्ही सांगून बघितलंय का कधी?

ज्यांच्याकडे बायनॉक्युलर आहे त्यांनी अभिजित, श्रवण आणि हंस यांच्या त्रिकोणात एचडी १८९७३३ हा तारा शोधा. साध्या डोळ्यांना दिसत नाही. नकाशा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. आणि कृपा करून कॉमेंटमध्ये ‘तिथे एलियन असतील का’ विचारू नका.