नमुने संपले की आमची आठवण

प्रयोग ठरवताना आम्ही डेटाचं विश्लेषण करणारे कुणालाच आठवत नाही. रक्त गोळा करून झालं, आरएनए काढून झाला (कुठली जनुकं किती चालू आहेत ते त्यावरून कळतं), सिक्वेन्सिंगचे, म्हणजे तो मशीनवर वाचून घ्यायचे, पैसे भरून झाले, की मग मेल येतो: "डेटा आलाय, शुक्रवारपर्यंत विश्लेषण करून द्याल का? तुमचं काय, बटण दाबलं की झालं." कुठलं बटण? दाखवा तरी एकदा!

नमुन्यांची माहिती मागायची, तर तिच्यासाठीही मागे लागावं लागतं. आणि हाती आल्यावर बघावं तर काय, आजारी लोकांचे सगळे नमुने फेब्रुवारीत एका किटने तयार केलेले, निरोगी लोकांचे सगळे ऑगस्टमध्ये दुसऱ्याच किटने. तयार करणारा माणूसही वेगळा. हजारो जनुकांत फरक दिसतोय म्हणून तिकडे आनंदीआनंद! अहो, तो फरक आजाराचा की किटचा, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. "मग बॅच करेक्शन करा ना." एकाच वेळी, एकाच किटने तयार केलेल्या नमुन्यांची ती बॅच, आणि तिच्यामुळे आलेला फरक गणिताने वजा करायचा ते करेक्शन. करतो की! पण आजार आणि बॅच पूर्णपणे एकमेकांत अडकलेत, त्यामुळे बॅच काढली की आजारही निघून जातो. प्रत्येक बॅचमध्ये थोडे आजारी, थोडे निरोगी मिसळा, एवढं सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. विचारलं कुणी? आणि हो, एकाच उंदराचा आरएनए तीन नळ्यांत ओतल्याने तीन उंदीर होत नाहीत. हे तर दर प्रोजेक्टला नव्याने सांगायचं.

विचारावं, जनुकांच्या जागा कुठल्या जीनोमप्रमाणे, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या कुठल्या नकाशाप्रमाणे दिल्यात, २००९च्या आवृत्तीच्या की २०१३च्या? उत्तर येतं: "मानवी."

वर सगळं एक्सेलमध्ये. सेप्ट-२ या जनुकाची २ सप्टेंबर करून टाकतं ते. २०१६ साली तपासणी झाली, तेव्हा जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असले घोळ निघाले. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांचीच नावं बदलली. माणसं काही सुधरेनात, बिचाऱ्या जनुकांनाच बारसं करून घ्यावं लागलं!

आमच्यातही नग आहेत, नाही असं नाही. जन्मात पिपेट हातात धरलेलं नसतं आणि दुर्मिळ आजाराचे "अजून पन्नास रुग्ण घ्या" म्हणतात, जणू ते गोदामात पडलेत. पण निदान नमुने वाया जायच्या आधी तोंड तरी उघडतात.

बॅचचा हा घोळ मी डेटा आल्यावरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितला होता. "बघू नंतर" म्हणाले, आणि पेपर पाठवून मोकळे झाले. आता पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने नेमकं तेच विचारलंय, आणि उत्तर उद्या सकाळपर्यंत मीच लिहून द्यायचंय. लेखकांच्या यादीत माझं नाव अकरावं.