नाव विचारण्याआधी त्याचा गळा बघा

उन्हाळ्याच्या तोंडाशी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. गॅलरीच्या कठड्यावर नाहीतर अंगणातल्या शेवग्यावर बसलेला राखाडी पक्षी, वाकडी चोच, रागीट डोळे. खाली प्रश्न: "हा गरुड आहे का?" लगेच उत्तरं सुरू होतात. ससाणा. बहिरी ससाणा. घार. गरुडाचं पिल्लू. मग कुणीतरी अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकतं आणि विषय मिटतो.

विषय असा मिटतो याचंच मला वाईट वाटतं. शिकारी पक्षी इतक्या जवळ येऊन बसणं ही भाग्याची गोष्ट आहे. घारी, भोवत्ये, गरुड आपल्याला दिसतात ते बहुतेक वेळा लांब आभाळात, एका काळ्या आकृतीएवढे. आणि जो समोर येऊन बसतो त्याच्याकडे धड न बघता आपण नाव कुणाकडून तरी मागून घेतो.

आपल्या वस्तीत असा जवळ येणारा पक्षी बहुधा शिक्रा असतो. लांबी 26 ते 30 सेंटिमीटर, म्हणजे कबुतराहून जरा लहानच. आपल्या घाटातला सर्पगरुड याच्या साधारण दुप्पट मोठा. त्यामुळे फोटोत पक्षी कितीही भारदस्त वाटला तरी शेजारी काय आहे ते आधी बघा. कुंडी, वायर, खिडकीचा गज, काहीही चालेल. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

मार्चमध्ये पुण्याच्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या फांदीवर एक नर अगदी जवळून बघायला मिळाला. पायात सरडा होता, त्यामुळे तो हलायला तयार नव्हता. एका पायाने सरडा फांदीवर दाबून धरलेला, मान खाली घालून एक लचका तोडायचा, लगेच मान वर, आजूबाजूला नजर, पुन्हा लचका. पाठ निळसर राखाडी. छातीवर तांबूस, बारीक आडव्या रेघा, इतक्या दाट की लांबून नुसता फिकट विटकरी रंग वाटावा. बुबुळं लालभडक. नर ओळखायला ही खूण पुरते, कारण मादीचे डोळे पिवळे ते नारिंगी असतात, पाठ तपकिरीकडे झुकते आणि अंगाने ती नराहून मोठी असते. आणि मान वर केली की गळा दिसायचा: पांढरा गळा आणि त्याच्या बरोबर मधून पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक राखाडी रेघ.

ही रेघ मी सगळ्यांना बघायला सांगतो. नवखा माणूस डोळे आणि चोच बघतो, गळा कुणी बघत नाही. फोटो काढणारेही पक्षी बाजूने टिपतात आणि गळा सावलीत जातो.

आता पावशाचं बघा. "पेरते व्हा" म्हणणारा हा पक्षी कोकिळेच्या कुळातला, पण रंगरूप थेट शिक्र्याचं. तशीच राखाडी पाठ, तशीच पट्ट्यांची लांब शेपूट, उडण्याची ढबसुद्धा तीच. पावशा झाडात शिरला की छोटे पक्षी शिक्रा आल्यासारखा गलका करतात. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात घातली जातात आणि हे सोंग त्या कामी येतं. पक्षीच फसतात तिथे माणसाचं काय! पण जवळून बघितलं की सोंग उघडं पडतं. पावशाची चोच सडपातळ, तिला शिकारी पक्ष्याचा आकडा नाही. डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. पाय नाजूक, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे आणि एक मागे, बोटं आखूड आणि जाड, नखं अशी की ती रुतल्यावर सरडा सुटत नाही.

सरसकट प्रत्येकाला ससाणा म्हणायची सवयही सोडायला हवी. ससाण्यांचे पंख लांब आणि टोकदार, बुबुळं गडद, आणि वरच्या चोचीला कडेने दातासारखा एक खाच असलेला उंचवटा. त्या चोचीने ते भक्ष्याची मान मोडतात. शिक्रा मारतो पंजाने. त्याचे पंख आखूड आणि गोलसर, झाडाझाडांतून वळणं घेत उडण्यासाठी घडलेले. जनुकांच्या अभ्यासातून तर असं दिसलंय की ससाणे शिक्र्यांपेक्षा पोपटांना जास्त जवळचे आहेत. 2008 साली हे पुढे आलं तेव्हा भल्याभल्या पक्षीतज्ज्ञांना नवल वाटलं होतं.

खरी कसोटी लागते ती घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या शिक्र्याला ओळखताना. त्याची पाठ तपकिरी, डोळे पिवळे, आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे थेंब. त्यात पक्षी सह्याद्रीच्या दाट रानात दिसला तर तो शिक्र्यासारखाच दिसणारा बेसरा हा शिकारी पक्षीही असू शकतो. बेसराच्या गळ्यावरची रेघ ठळक आणि रुंद असते, पायाचं मधलं बोट लांब असतं, आणि मोठ्या बेसराची पाठ जास्त काळपट असते. या खुणा फोटोत दिसत नसतील तर "शिक्रा किंवा बेसरा" एवढंच लिहून थांबावं. ग्रुपवर अशा उत्तराला कुणी लाईक देत नाही हे मला माहीत आहे. तरी माझ्या लेखी ठोकून दिलेल्या नावापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे, कारण चुकीची नोंद एकदा यादीत शिरली की ती पुढची अनेक वर्षं तिथेच राहते.

अ‍ॅपला माझा विरोध नाही. मीही वापरतो. पण अ‍ॅप उघडण्याआधी गळा, डोळा, पाय, शेपूट, बसायची ढब आणि काय खात होता हे वहीत लिहून काढा, आणि मग अ‍ॅपचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा. लहान मुलं सोबत असतील तर आधी त्यांना विचारा की तुम्हाला काय दिसलं. आपल्या नजरेतून सुटलेलं पोरं सांगतात.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टाने बोलणार. मार्च ते जून हा शिक्र्यांचा विणीचा काळ. आंब्या-निंबाच्या शेंड्याजवळ काटक्यांचं, कावळ्याच्या घरट्यासारखं दिसणारं घरटं असतं. अशा घरट्याचा पत्ता ग्रुपवर टाकू नका, चांगल्या फोटोसाठी फांद्या छाटू नका, मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. मी हे सगळं होताना बघितलंय, आणि करणारे स्वतःला पक्षीप्रेमी म्हणवतात. शिकारी पक्षी पकडणं किंवा पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा खाली सापडलेलं पिल्लू हौसेने घरी नेणंही नकोच. उडायला शिकणारं पिल्लू बऱ्याचदा जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर बसलेलं असतं आणि आईबाप जवळच्या झाडावरून लक्ष ठेवून असतात. कुत्रा-मांजर लांब ठेवा आणि आपणही मागे सरका. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर महाराष्ट्रात वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा, आणि माणसं येईपर्यंत त्याला दूध, पाणी, भात काहीही भरवू नका.