खड्डा काउंटीचा, बाक आमचा

काल रात्री साडेदहाला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने खड्ड्याचा फोटो टाकला आणि खाली विचारलं, पॅरिश कौन्सिलर झोपलेत का? झोपलेच होते हो. साडेदहा वाजले होते.

इंग्लंडमधल्या एका खेड्यात मी दहा वर्षं राहतेय आणि दोन वर्षांपासून इथल्या पॅरिश कौन्सिलवर आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे ग्रामपंचायत सदस्य ना? मग मानधन किती?" शून्य, आई. घरून बिस्किटं न्यावी लागतात ती वेगळीच.

मी काही निवडून आलेली नाही. नऊ जागा, अर्ज सहा, सगळे बिनविरोध. उरलेल्या खुर्च्यांवर कौन्सिल स्वतःच माणसं घेतं, त्याला को-ऑप्शन म्हणतात. आपल्याकडे एका वॉर्डासाठी भावकीत बोलणं बंद होतं आणि इथे खुर्च्या रिकाम्या! मी नोटीस बोर्ड वाचत उभी होते, तेवढ्यात कौन्सिलचं कामकाज बघणाऱ्या क्लार्कबाईंनी विचारलं, येता का? माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, पण राष्ट्रकुलातल्या नागरिकाकडे इथे कायम राहायची परवानगी असेल तर त्याला मत देता येतं आणि उभंही राहता येतं. हे आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं. गणपतीची वर्गणी, हॉलचं बुकिंग, दीडशे माणसांचं जेवण हे सगळं लीलया सांभाळणारी माणसं आपण, आणि गावाच्या सभेला जायचं म्हटलं की "आपल्याला कोण विचारतंय?" अहो, विचारतात. माणूसच मिळत नाही त्यांना.

आता तो खड्डा. आमच्या भागात रस्ता काउंटीचा, म्हणजे सगळ्यात वरच्या कौन्सिलचा, आणि कचरा उचलणं मधल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं. आमच्याकडे खेळाचं मैदान, दफनभूमी, भाजीच्या वाफ्यांची जमीन, बसथांब्याची शेड. घरबांधणीच्या अर्जावर आम्ही फक्त मत कळवतो, निर्णय वरचे घेतात. पैसा म्हणाल तर कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, आमचा छोटासा वाटा असतो, प्रिसेप्ट. तो डिस्ट्रिक्ट गोळा करतं आणि आमच्या हातावर ठेवतं.

आणि एकट्या सदस्याला अधिकार किती? काडीचाही नाही. चेअरमनलासुद्धा एकट्याने खर्च मंजूर करता येत नाही. जे काही ठरेल ते सभेत, आणि तेही विषयपत्रिकेवर असेल तरच. ती सभेच्या आधी पूर्ण तीन दिवस बोर्डावर लागलीच पाहिजे.

हे मला शिकवलं एका बाकाने. बसथांब्यावरच्या बाकाची फळी मोडली होती. एक आजोबा रोज उरलेल्या अर्ध्या फळीवर कडेला टेकून बसायचे. पहिल्याच सभेत मी म्हटलं, "शनिवारी स्क्रू आणते, तासाभराचं काम आहे." सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी बँक लुटायचा बेत सांगितलाय. बाक नक्की आपला का? मालमत्तेच्या नोंदीत तर नाही. कुणी पडलं तर विमा कुणाचा? सात महिने लागले. सात! मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. (त्याचा काय दोष, कुणास ठाऊक.)

हँडफर्थच्या पॅरिश कौन्सिलच्या झूम सभेचा तो व्हिडिओ आठवतो? 2021 च्या फेब्रुवारीत जगभर फिरला होता. सभेला मदत करायला बाहेरून आलेल्या जॅकी वीव्हर यांनी चेअरमनलाच सभेबाहेर काढलं आणि आपण पोट धरून हसलो. आज तो बघताना हसू येत नाही. इथे अधिकार कुणाचा, याच प्रश्नावरून तर ते भांडण होतं.

तरी एक गोष्ट मला मनापासून आवडली. एकदा आमच्यातल्याच एका सदस्याच्या शेतावर घरं बांधायचा अर्ज चर्चेला आला. हितसंबंध जाहीर करून तो उठला आणि बाहेर गेला. आत आम्ही वाद घालत होतो आणि मागच्या स्वयंपाकघरातून कप विसळल्याचा आवाज येत होता. मत कुठल्या बाजूला गेलं हे कळायच्या आत बत्तीस कप पुसून झाले होते.

आज सकाळी सातला जाऊन खड्ड्यात फूटपट्टी धरून फोटो काढला आणि काउंटीच्या साइटवर तक्रार टाकली. तक्रारीचा नंबर त्या गृहस्थांना वैयक्तिक मेसेजने पाठवला. गुरुवारी साडेसातला सभा आहे, पहिली पंधरा मिनिटं गावकऱ्यांना बोलायला असतात, हेही लिहिलं.

निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.